टेकायला भिणारा पाय

माझ्या माहेरी, सोनिवलीला, गाय होती, बैल होते, शेळ्या होत्या. घोडा नव्हता. घोडा म्हणजे नवरदेवाच्या बुडाखाली लांबून बघायची वस्तू. माझ्या लग्नात तर नवरदेव स्वतःचाच टांगा हाकत आला, आणि माझी पाठवणीही त्याच टांग्यातून झाली. बदलापूर मागे पडून अंबरनाथ येईपर्यंत मी डोळे मिटून बसले होते. सोबतच्या बायकांना वाटलं, पोरगी माहेर सुटलं म्हणून रडतेय. मी रडत नव्हते. उतारावर टांगा पुढे झुकला की आपण थेट घोडीच्या पाठीवर जाऊन आदळणार, या धास्तीनं मी दांडी घट्ट धरून ठेवली होती.

मी मुळातच भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याला कोणी धाडस म्हणायला नको.

सासरी माणसं दोनच, यजमान आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते मूळचे घाटावरचे. तरुणपणी पलटणीत खेचरं सांभाळलेली, त्यामुळे चार पायांच्या कुठल्याही जनावरातलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा ठाम समज होता. त्यातलं बरंचसं खरंही होतं, हे आणखी वाईट. त्यांचा एक नियम होता: घोडीला बाईमाणसाचा हात लागायचा नाही. घोडीच्या चंदीचे, खुराकाचे हरभरे मी भिजवायचे, तिच्या तोंडाला बांधायचा तोबरा भरून द्यायचा, घोडी बाहेर गेली की लीद काढायची, पण तिच्या अंगाला हात नाही. त्यांच्या कुठल्याशा चुलतीला घोड्यानं लाथ मारली होती म्हणे, तेवढ्यावरून निघालेला नियम. शेजारणींना तो जुलूम वाटायचा. मला तो देवानंच माझ्यासाठी केलाय असं वाटायचं.

घोडी मात्र देखणी होती. रंगानं तांबडी, आयाळ काळी, आणि चारही पाय गुडघ्याखाली काळेभोर. टांगा अंबरनाथ स्टेशनवरून सुटायचा आणि कारखान्याच्या क्वार्टर्सकडे, नाहीतर वालधुनीचा पूल ओलांडून कॅम्पात जायचा. फाळणीनंतर कॅम्पातल्या लष्करी बराकी निर्वासितांनी भरून गेल्या होत्या. त्या वस्तीला उल्हासनगर हे नवं नाव मिळालं होतं, पण आमच्या तोंडी कॅम्पच होता. माणसं वाढली, तसं टांग्याला काम वाढलं. स्टँडवर चांगले पाचसहा टांगे असताना लोक आमच्याच घोडीकडे वळायचे. यजमान घरी येऊन ते कौतुकानं सांगायचे.  दहा जण जिच्याकडे बघतात तिला कोणाची तरी दृष्ट लागणारच, हे मला कळत होतं. त्यांना कळत नव्हतं, कारण ते हसरे होते. हसऱ्या माणसाच्या बायकोला सगळी भीती एकटीनंच भ्यावी लागते.

आषाढात एके दिवशी पुलाच्या उतारावर एक ट्रक अंगावर आला आणि घोडी उधळली. यजमान खाली फेकले गेले. कोपर सोलवटलं, धोतर फाटलं, बाकी काही नाही. घरी येऊन त्यांनी ते सगळं साभिनय करून दाखवलं, आणि मामंजीसुद्धा हसले. मी चुलीपाशी बसले होते. माझी भाकरी तव्याबाहेर पडली.

चार दिवसांनी माहेरी जायला मिळालं तेव्हा मी आईच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं. आईनं मला गावच्या भगताकडे नेलं. त्यानं तांदूळ टाकले, बराच वेळ पुटपुटला आणि काळ्या सुताचे सात पदर वळून एक दोरा दिला.

"दिव्यांच्या अवसेला घोडीच्या पुढच्या डाव्या पायात बांध," तो म्हणाला. "तीन गाठी मार. पुढच्या अवसेपर्यंत कोनाला सांगायचं नाय. घरातल्यालाबी नाय. तोंडातून गेला, तर घोडीवरचा धन्यावर जाईल."

परतीच्या वाटेवर आईनं मला दोनदा बजावलं. तिनं बजावलं नसतं तरी माझ्या काळजात ते शब्द चांगलेच जाऊन बसले होते.

दिव्यांच्या अवसेला दुपारी मामंजी बाजारात गेले होते आणि यजमान जेवून पडले होते. घोडी ठाणावर उभी राहून गवत खात होती. मी तिच्या पुढच्या पायाशी बसले. एवढं मोठं जनावर, आणि मी त्याच्या खुराशी तोंड घेऊन बसलेली. खुराच्या वर आणि घोट्याच्या खाली जी बारीक जागा असते तिथं दोरा गुंडाळला आणि तीन निरगाठी मारल्या. सुटून पडला तर काय, म्हणून प्रत्येक गाठ दातओठ खाऊन आवळली. घोडीनं एकदा पाय हलवला, तेवढ्यानं मी मागच्या मागे पडले. काळ्या पायावर काळा दोरा. बांधून उठले तर मलाच दिसेना.

सुती दोरी भिजली की आवळते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाजेची दोरी सैल झाली की आम्हीच तिच्यावर पाणी मारायचो. पण बाजेच्या दोरीचं शहाणपण बाजेपुरतं. मंतरलेला दोरा आवळेल, त्यालाही पाऊस लागतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. श्रावण लागला, रस्त्यांना घोटाघोटा चिखल झाला, घोडी दिवसभर पाण्यातून धावत होती आणि मी घरात निवांत होते. लग्न झाल्यापासून तेवढेच दोनअडीच आठवडे मी निवांत होते.

घोडी लंगडतेय हे पहिल्यांदा मला कळलं, तेही कानांनी. रोज संध्याकाळी टांग्याची वाट बघून टापांचा ठेका माझ्या कानात मुरला होता. त्या दिवशी एक ठोका हलका पडत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. घोडी दर पावलाला मान वर टाकत होती. यजमान उतरले आणि म्हणाले, "खडा अडकला असेल." त्यांनी पाय उचलून बघितलं. खडा नव्हता.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायला आज लाज वाटते. मला वाटलं, दृष्ट लागली ती लागलीच, पण दोरा होता म्हणून पायावर निभावलं. मी मनातल्या मनात भगताला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी आंबेहळद आणि चिंचेचा पाला वाटून लेप केला आणि गुडघ्यापासून खुरापर्यंत जाड थापून दिला. पाटा मीच धुतला. तो लेप वाळून कडक झाला, त्यावर त्यांनी आणखी एक थर दिला. दोन दिवसांत घोडी बरी व्हायची ती पाय टेकीनाशी झाली.

आता दोष द्यायला माणूस हवा होता, आणि तो हाताशी होता. घोडी लंगडायला लागली त्याच्या तीनच दिवस आधी तिला नवे नाल ठोकले होते. ठोकणारा कॅम्पातला. साठीचे सिंधी गृहस्थ, पांढऱ्या मिशा, बोलणं हळू. सिंधमध्ये त्यांचे स्वतःचे घोडे होते. इथं ते बराकीत एकटे राहायचे आणि दुसऱ्यांच्या घोड्यांचे खूर तासायचे. स्टँडवर तोपर्यंत बातमी पक्की झाली होती, की निर्वासिताला हे काम येत नाही, त्यानं खिळा जिवंत मांसात घातला. मामंजींनी त्यांना बोलावणं पाठवलं. पाठवलं म्हणजे, यजमानांना सांगितलं, "त्याला धरून आण."

ते आले. अंगणात घोडीशेजारी उभे राहून मामंजींनी त्यांना तोंडाला येईल ते सुनावलं.  म्हाताऱ्यानं पिशवीतून सांडशी काढली, घोडीचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक खिळा उपटून काढला. प्रत्येक खिळा त्यांनी कापडावर पुसला, नाकाशी धरला, मग मामंजींच्या नाकाशी धरला. खिळा मांसात गेला असेल तर तो ओला निघतो, त्याला घाण येते. सगळे खिळे कोरडे होते.

"तळवा खोद," मामंजी म्हणाले. "आत पू असंल."

म्हातारा वाकड्या सुरीनं खुराचा तळवा तासू लागला. मी दाराआड उभी होते. पांढरी चकती निघाली, मग पिवळसर, मग गुलाबी. एका ठिकाणी रक्ताचा थेंब आला. घोडीचं अंग शहारलं.

"इससे आगे मैं नहीं काटूँगा, साईं," म्हातारा म्हणाला. त्यांनी सांडशीनं खूर सगळीकडून दाबून दाखवला, हातोडीनं ठोकून दाखवला. घोडी शांत होती. त्यांनी खुरावर तळहात ठेवला. "ठंडा है. आप हाथ रखो."

मामंजींनी हात ठेवला नाही. "मग खांदा उतरलाय," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं यजमानांना घोडी कडक जमिनीवरून चालवायला सांगितलं, आणि ते स्वतः खाली उकिडवे बसून बघत राहिले. मग परत आणवली. डावा पाय जमिनीला लागला की मान वर, उजवा लागला की मान खाली.

"कंधा बिगड़े तो घोड़ी पाँव उठाने में रोती है, घसीटती है," ते म्हणाले. "ये उठाती ठीक है. रखने को डरती है. बीमारी नीचे है. खुर में नहीं, तो खुर के ऊपर. ये लेप धो दो, साईं. मैं देखूँगा."

लेपाला नाव ठेवलेलं मामंजींना खपणार कसं? खुरात रक्त काढून आता माझ्या औषधाला हात घालतोस का, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला अंगणाबाहेर काढलं. पिशवीसुद्धा नीट भरू दिली नाही. यजमान मान खाली घालून उभे होते. वडिलांपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती, आणि माझी तर कोणापुढेच नव्हती.

पण मी ऐकलं होतं. खुरात नाही, खुराच्या वर. ती जागा मला चांगली ठाऊक होती.  बाज, पाणी, आवळलेली दोरी हे सगळं त्या क्षणी मला दिसलं. कोणाची दृष्टबिष्ट नव्हती. घोडीचा पाय मी बांधला होता.

मामंजींनी ठरवून टाकलं, खांद्याला डाग द्यायचा. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की लोखंडी डागणी तापवायची आणि खांद्यावर तीन रेघा ओढायच्या. त्यांनी खेचरांना असे डाग दिलेले होते. "त्यानंही नाही टेकला, तर काढायची," ते म्हणाले. "पायानं गेलेली घोडी कोन ठेवतंय?"

म्हणजे मी बोलले नाही तर घोडी जाणार. बोलले तर भगताच्या शब्दाप्रमाणे घोडीवरचं धन्यावर जाणार, आणि अवसेला अजून सहा दिवस होते. यजमान तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. एका पारड्यात घोडी आणि एका पारड्यात कुंकू, असं ठेवलं तर बाईनं काय करावं हे आमच्याकडे कोणी विचारायचीही गरज नव्हती. त्यामुळे मी गप्प बसायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण मला अन्न जाईना. घोडीची बाजू घ्यायला मला कोणी सांगितलं होतं? मी तर तिला भ्यायची. तरीपण चंदीची बादली वाजली की ती माझ्या दाराकडे कान वळवायची, आणि त्या दिवशीही तिनं तीन पायांवर उभं राहून कान वळवले.

मग मला एक पळवाट सुचली. न सांगता दोरा कापून टाकला तर? भगतानं सांगू नको म्हटलं होतं, कापू नको असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामंजी आणि यजमान जेवायला बसले, त्यांना वाढून मी तांब्याभर पाणी आणि कात्री घेऊन ठाणावर गेले.

पायावर पाणी ओतलं. लेप भिजला आणि ढेकळासारखा सुटला. आधी वास आला. सडलेल्या फुलांचा येतो तसा, पण जड. मग दिसलं ते असं: पाय सुजून दुप्पट झालेला, आणि त्याच्या मधोमध एक खोल खाच. दोरा नव्हताच. मांसानं त्याला गिळून टाकलं होतं. बोटानं चाचपलं तेव्हा एका ठिकाणी तीन गाठी लागल्या, हरभऱ्यासारख्या. त्यांच्याभोवती पू होता. मी कात्रीचं टोक तिथं लावायला गेले आणि घोडीनं कान मागे पाडले. तिनं मला लाथ मारली नाही. चावलीही नाही. तिनं तो पाय माझ्यापासून जरासा लांब घेतला, टेकायला गेली, आणि टेकवेना म्हणून हवेतच धरून उभी राहिली. तिचा पाय थरथरत होता.  मी कात्री टाकून दिली. हे माझ्याच्यानं होणारं काम नव्हतं.

बाहेर अंगणात कोळशांवर डागणी ठेवलेली होती. तिचं टोक लाल झालेलं होतं. जेवून उठलेले मामंजी हात पुसत तिकडे येत होते.

"खांद्यात काही नाही," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. मला बोलायची सवयच नव्हती. मी पुन्हा म्हणाले, "खांद्यात काही नाही. पायात दोरा आहे. मी बांधलाय."

यजमान हातातला तांब्या घेऊन जागीच थांबले. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. आता मामंजी डागणी मलाच लावतील असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी मागे सरले नाही ते मागे घोडी होती म्हणून.

"कोनता पाय?" त्यांनी विचारलं. एवढंच.

ते घोडीशी बसले. खाचेतून त्यांनी अंगठा फिरवला. गाठी त्यांच्या बोटाला लागल्याचं मला त्यांच्या पाठीवरून कळलं.  मग उठून त्यांनी डागणी राखेत खुपसली, पायात वहाणा घातल्या आणि कोणाशी न बोलता कॅम्पाच्या रस्त्याला लागले. कालच ज्याला अंगणाबाहेर काढलं, त्याला आणायला ते स्वतः चालत गेले. मामंजींबद्दल मी इतकं वाकडं लिहिलंय, म्हणून हेही लिहिते.

म्हातारा आला तो काहीच न विचारता कामाला बसला. सुरी उकळत्या पाण्यातून काढली. "घोड़ी किसको पहचानती है?" त्यांनी विचारलं. यजमान पुढे झाले. म्हाताऱ्यानं त्यांना पाय धरायला सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "दाना कौन भिगोता है? बेटी, तू मुँह के पास खड़ी हो."

मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. तोबऱ्यात मूठभर हरभरे घालून मी घोडीच्या तोंडाशी उभी राहिले. तिचा गरम श्वास मनगटावर येत होता. ती एकदा वर उसळली तेव्हा मला वाटलं, आता आपण संपलो. पण हरभरे सांडू नयेत एवढ्या एकाच गोष्टीकडे मी लक्ष दिलं. खाली म्हातारा केसाएवढा केसाएवढा दोरा उचलून कापत होता. सात पदर वेगवेगळे निघाले. शेवटच्या गाठीबरोबर पू आणि रक्त वाहिलं, आणि घोडीनं असा लांब श्वास सोडला की माझ्या हातातला तोबरा हलला.

मग प्रश्न आलाच. दोरा कशाला? यजमानांनीच विचारला. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? मी सगळं सांगितलं. पुलावरचा ट्रक, भगत, तीन गाठी. आणि ती अटही सांगितली, अवसेआधी बोललं तर घोडीवरचं धन्यावर जाईल ही. सांगताना रडू फुटलं आणि मी म्हणाले, "मी घोडी वाचवली हो, आणि तुम्हाला मारलं."

यजमान हसतील असं मला वाटलं होतं. ते प्रत्येक गोष्टीला हसायचे. त्या दिवशी ते हसले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि ते तांब्यातलं पाणी प्यायले.

"भगताच्या नानाची टांग," मामंजी म्हणाले. "असल्या थापांवर विश्वास ठेवतीस व्हय गं?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या टांगेवाल्यानं आपला जास्तीचा घोडा देऊ केला, तेव्हा मामंजींनीच नको म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी यजमान छपराचं कौल सारखं करायला चढू लागले तर मामंजींनी शिडी काढून घेतली. "राहू दे. चार दिवस गळलं तर काय मरत नाय कोनी." मरण हा शब्द तोंडातून गेल्यावर ते स्वतःच दचकले आणि उगाचच लीद उपसायला गेले. यजमान विहिरीवर निघाले की मामंजींना त्याच वेळी आंघोळ आठवायची. आणि यजमान, ज्यांना घरात घटकाभर बसवत नसे, ते मुकाट्यानं अंगणात बसून राहायचे. घोडीच्या पायाचं निमित्त होतं. आम्ही तिघंही भ्यायलेलो होतो, आणि तिघंही ते एकमेकांना सांगत नव्हतो. मी रोज सकाळी उठले की आधी यजमानांची छाती वरखाली होतेय का ते बघायची.

घोडीचा पाय मात्र सुधारत होता. म्हातारे गृहस्थ रोज कॅम्पातून चालत यायचे, कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायचे, हळद-तेलाची पट्टी बांधायचे. पट्टीखाली बोट घालून बघायचे, मग मला बोट घालायला लावायचे. "इतनी जगह रहे," म्हणायचे. चौथ्या दिवशी घोडीनं खुराचं टोक जमिनीला लावलं. पाचव्या दिवशी सगळा खूर टेकवला, पण सावकाश, जमीन आहे की नाही बघितल्यासारखा.

अवस उजाडली. ती पोळ्याची अवस. मामंजी घाटावरचे, त्यामुळे दरवर्षी ते घोडीला धुऊन हळदकुंकू लावायचे. त्या वर्षी ते सकाळपासून ओसरीवरून हलले नाहीत. यजमानांना त्यांनी ओसरीच्या आतल्या खांबापाशी बसवलं होतं. पाऊस नव्हता, वीज नव्हती, तरी त्यांना अंगणातसुद्धा जाऊ देत नव्हते. आता लिहून टाकायला हरकत नाही, यजमानांना काहीही झालं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कितीतरी वर्षं नाही. पण त्या दुपारी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुरणपोळ्या ताटात तशाच पडल्या होत्या.

म्हातारे गृहस्थ पट्टी बदलायला आले. त्यांनी ओसरीकडे बघितलं, दोन धडधाकट पुरुष सणाच्या दिवशी खांबाला टेकून गप्प बसलेत. "आज क्या है, साईं?" त्यांनी विचारलं. मामंजींनी यजमानांकडे बघितलं. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच म्हणाले, "आज अवस आहे. भगतानं सांगितलेली."

ते घोडीपाशी बसले. पट्टीची गाठ सोडता सोडता, वर न बघता म्हणाले, "बेटी, सिंध में हमने भी धागे बाँधे थे. घोड़ों को बाँधे, दरवाज़े को बाँधे, बच्चों को बाँधे. और किसी को बताया नहीं था. किसी को भी नहीं."

मग त्यांनी जखम बघितली. बरी आहे म्हणाले, कोमट पाणी मागितलं. मी पाणी आणून दिलं आणि तिथंच उभी राहिले. मुलं किती होती, ती कुठं आहेत, हे विचारावं असं फार मनात आलं. उत्तराच्या भीतीनं मी विचारलं नाही.